हिरवी गोळी की शेंगाचटणी?

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आमच्या आत्याला सगळ्याचीच काळजी वाटते. यंदा साठी पूर्ण झाली, म्हणून नवीन प्रश्न: "वयानं पेशी झिजतात म्हणे. ई व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू करू का, की आपली चटणी-भाकरी पुरे?"

उत्तराआधी शेंगदाण्याचा डबा उघडून वास घ्या. जुने दाणे खवट होतात, तसंच काहीसं पेशीच्या आवरणातल्या स्निग्धाचं होतं. एका मेदाम्लाला ऑक्सिजनची झळ बसली की ते शेजारच्याला बिघडवतं, ते पुढच्याला. ई व्हिटॅमिन आवरणातच बसून ही साखळी तोडतं, पण तोडताना स्वतः निकामी होतं. मग बाहेरच्या पाण्यातलं सी व्हिटॅमिन त्याला पुन्हा कामाला लावतं. खवट झालेला माल निस्तरायला सेलेनियम या खनिजावर चालणारं एक विकर (एन्झाइम) वेगळंच. म्हणजे एकट्या ई चा साठा वाढवून भागत नाही.

आता मोजमाप. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५ मिलिग्रॅम पुरतं. दुकानातली मऊ हिरवी गोळी बहुधा ४०० मिलिग्रॅमची असते, पंचवीस पटींहून जास्त! उलट ३० ग्रॅम शेंगदाण्यांत दोन-अडीच मिलिग्रॅम, मोठा चमचाभर करडईच्या तेलात साडेचारच्या आसपास. खरं सांगायचं तर नुसत्या चटणीवर १५ चा आकडा गाठत नाही. जोडीला मूठभर बदाम किंवा सूर्यफुलाच्या बिया लागतात, पालेभाजी लागते.

करडईत एक मेख आहे. तिच्या तेलात लिनोलिक आम्ल हे पटकन बिघडणारं मेदाम्ल भरपूर, म्हणून तेच लवकर खवट होतं. घाण्याचं तेल थोडंथोडं आणा, झाकून अंधारात ठेवा, तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवू नका. डाळिंब आपल्या जिल्ह्याचा अभिमान, जरूर खा. पण त्यातली ऑक्सिजनची झळ रोखणारी द्रव्यं बहुतेक पाण्यात विरघळणारी, आवरणात बसून पहारा देणारी नव्हेत. को-क्यू-१० हे आवरणात बसणारं आणखी एक राखणदार द्रव्य शरीर स्वतः बनवतं, त्याच्या गोळ्या महाग. मी तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेणार नाही.

गोळीबद्दल माझं मत कडक आहे, त्याला कारण आहे. अमेरिका-कॅनडात ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज ४०० युनिट (व्हिटॅमिन मोजायचं एक माप) ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कर्करोगाचं प्रमाण १७ टक्के जास्त आढळलं. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर जास्त ई मुळे रक्तस्राव होऊ शकतो. ज्यांना स्निग्ध पदार्थ पचतच नाहीत, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना गोळी लागू शकते, तीही डॉक्टरांच्या हिशेबाने.

आत्याने गोळीचं डॉक्टरांवर सोडलंय. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास भरलेला शेंगदाण्याचा डबा मात्र काल तिने रिकामा केला. निम्मे दाणे खवट निघाले.