बोटीवरचा घडीचा टप: सात महिने वापरल्यावर

जीपच्या कापडी छपराला आपण टप म्हणतो, म्हणून बोटीवरच्या ह्या छत्रीचंही आमच्यात तेच नाव पडलं. विकणारे त्याला बिमिनी म्हणतात. ॲल्युमिनियमच्या तीन कमानी, त्यावर ताणलेलं कापड, पुढे दोन आणि मागे दोन पट्टे, काम झालं की सगळं मिटवून ठेवायचं. दिवाळीनंतर बसवला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवला. मधल्या काळात थंडी, मार्चमधली गारपीट, मेचं ऊन आणि वळीव असं सगळं त्याच्यावरून गेलं.

मी आणि माझा मेहुणा नाशिकजवळ वाडीवऱ्हेच्या पुढे एका धरणाच्या फुगवट्यात पिंजऱ्यांमध्ये मासे वाढवतो. ६ मीटर बाय ४ मीटरचे पिंजरे, त्यात पंगस आणि थोडा तिलापिया. दिवसातून दोनदा खाद्य टाकायचं, मधल्या वेळात जाळ्या घासायच्या, मेलेले मासे काढायचे आणि राखण करायची. थोडक्यात, १४ फुटी फायबर बोटीत रोजचे पाच-सहा तास. आमच्याबरोबर एक मामा असतात, जुने मासेमार. टोपी आणि खांद्यावरचा पंचा सोडून त्यांनी आयुष्यात कसली सावली घेतली नाही. ह्या सगळ्या खटाटोपाकडे ते पहिल्या दिवसापासून संशयाने बघत आलेत.

टपाआधी दोन जुगाड करून झाले होते. पहिला नाशिककराला सुचणारच असा: द्राक्षबागेतली हिरवी शेडनेट, चार बांबूंवर. वारा आरपार जातो हा तिचा मोठा गुण. पण ऊनही गाळून का होईना खाली येतंच, आणि पिंजऱ्याची जाळी वर ओढताना बांबू हमखास कुणाच्या तरी कपाळात. दुसरा जुगाड ताडपत्रीचा. सावली दाट, पण दुपारी वारा सुटला की तिची फडफड इतकी की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. आठवड्यात सोडून टाकली.

मग टप मागवला. इथे पहिली चूक मोजमापाची. रुंदी बोटीच्या पोटाची धरायची नसते. बिजागऱ्या दोन्ही काठांवर जिथे बसणार, त्या दोन जागांमधलं अंतर धरायचं. मी आधी बाहेरून टेप लावून ६४ इंच लिहिलं होतं. मेहुण्याने पुन्हा मोजलं तेव्हा ५८ भरले. हे टप ५४ ते ६०, ६१ ते ६६ अशा टप्प्यांत मिळतात, म्हणजे मी सरळ पुढच्या मापाचा मागवणार होतो. उंचीचंही तसंच. विकणारा ४६ इंच म्हणतो ती काठापासून, तळापासून नाही. आमच्या बोटीचा काठ तळापासून २० इंचांवर आहे, तेव्हा तळापासून कापडापर्यंत ६६ इंच, साडेपाच फूट. मी पाच फूट आठ इंच. बसवल्यावर पहिले चार दिवस डोकं आपटून आपटून हे गणित पाठ झालं. ५४ इंचीही मिळत होता, त्यात ताठ उभं राहता आलं असतं. तरीही पुन्हा घ्यायची वेळ आली तर ४६च घेईन. खाद्य फेकताना टप मिटलेलाच लागतो, हात मागे न्यायला जागा हवी. उघडा असतो तो बसायच्या वेळी. शिवाय छत जितकं उंच, तितकी वाऱ्याने बोट जास्त कलते आणि सावलीही तितकी जास्त सरकते.

हे सावली सरकणं मी आधी धरलंच नव्हतं. २० मेच्या आसपास नाशिकला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा टपाखालची सावली टपाएवढीच आणि टपाखालीच. डिसेंबरात त्याच वेळी तो दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच. आमच्या बाकापासून कापड साडेचार फूट वर आहे, म्हणून सावली चार फुटांहून जास्त उत्तरेला जाते. बोट पूर्व-पश्चिम बांधली असेल तर पाच फूट रुंदीतली ही चार फूट सावली पाण्यावर पडते आणि माशांना मिळते. उत्तर-दक्षिण बांधली की तीच सावली बोटीच्या लांबीवर सरकते, आपणही बाकावर तेवढं सरकायचं. हे कळेपर्यंत निम्मा डिसेंबर गेला होता.

बसवण्याचा किस्सा सांगतोच. ज्याने बसवून दिला त्याने काठाच्या फायबरमध्ये साधे स्क्रू पिळून बिजागऱ्या लावल्या. मजबूत दिसत होत्या. तिसऱ्या आठवड्यात दुपारी एक झोत आला आणि डावी बिजागरी स्क्रूंसकट उपटून हवेत. टप एका बाजूने उलटला, मामांनी झडप घालून पट्टा धरला म्हणून वाचला. नंतर सातपूरला एका वर्कशॉपमधून ४ मिलीमीटर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून आणल्या, त्या काठाच्या आतल्या बाजूने लावल्या आणि आरपार बोल्ट मारले. भोकांत सिलिकॉन. नायलॉनच्या बिजागऱ्या उन्हात ठिसूळ होतात म्हणून त्याच फेरीत स्टीलच्या घातल्या. तेव्हापासून हललेल्या नाहीत.

पण वारा वाराच. दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि टप उघडा असला की हलकी बोट त्याच्या मागे निघते. पिंजऱ्याला लावायला जावं आणि आडव्या वाऱ्याने बोट शेजारच्या पिंजऱ्याला जाऊन टेकावी, असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मामा शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुम्ही सावली आणली का शीड?" आता पिंजऱ्याजवळ जाण्याआधी टप मिटतो. दिवसातून तीन-चार वेळा.

म्हणजे मिटवणं हेच रोजचं काम होऊन बसलं, आणि घेताना मी नेमका त्याचाच विचार केला नव्हता. कापड कोणतं, रंग कोणता यात आठवडा घालवला. मिटलेला टप बोटीत राहणार कुठे, हे कागदावर काढून बघितलंच नाही. सुरुवातीला मागे आडवा पाडायचो. आमचं इंजिन दोरी ओढून सुरू होतं. दोरी जोरात मागे ओढली की कोपर थेट पाइपवर. एकदा असा लागला की पाच मिनिटं हात झिणझिणत होता. मग पुढे पाडून बघितला, तर खाद्याच्या गोण्या ठेवायची जागाच गेली. शेवटी मागच्या पट्ट्यांच्या जागी दोन आधाराच्या दांड्या घेतल्या. त्यांच्यावर मिटलेला टप इंजिनाच्या वर तिरका उभा राहतो. खालून हात मोकळा, पुढे गोण्यांना जागा. तिथे तो खडखडायचा, म्हणून दांडीभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. ह्या दांड्या सुरुवातीलाच मागवून टाका, बाकी काही नसलं तरी चालेल.

मिटण्याचा क्रमही अनुभवाने कळला. आधी पुढचे पट्टे सोडायचे, पुढची कमान मागे आणायची. मग दोन पाइपांच्या मध्ये गेलेलं कापड बोटांनी बाहेर ओढायचं, लांबीत गुंडाळायचं, आणि शेवटी खोळ चढवून चेन लावायची. कापड ओढायचा कंटाळा केला तर ते दर वेळी त्याच जागी पाइप आणि बिजागरीत चिमटतं. आमच्याकडे फेब्रुवारीत तिथे वाटाण्याएवढं भोक पडलं. रेक्झिनचं ठिगळ आतून-बाहेरून लावलंय. एकट्याला चार मिनिटं लागतात, दोघांना दीड.

ओला टप खोळीत घालायचा नाही. मार्चमध्ये गारा झाल्या त्या संध्याकाळी घाईत तसाच कोंबला, दोन दिवसांनी चेन उघडली तर बुरशीचा वास आणि काळे ठिपके. ब्रशने घासूनही थोडे राहिलेच. दुसरा उपद्रव उंदरांचा. बोट रात्री काठावर ओढून ठेवतो, तिला खाद्याचा वास, आणि खोळ म्हणजे त्यांना बांधून दिलेलं घर. एका सकाळी खोळीतून एक टुणकन उडी मारून थेट गोणीवर. कापड कडेला कुरतडलेलं. आता रात्री टप चार पिना काढून सरळ झोपडीत नेतो. त्याचं वजन फारसं नाही, एका खांद्यावर मावतो.

कापड ६०० डेनियर (हे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टर, गडद निळं. खालून गडद असल्यामुळे पाण्यावरची चमक डोळ्यांत येत नाही, हे चांगलं. वरून मात्र मेमध्ये हात ठेववत नाही. आता रंग धुतलेल्या जीनसारखा झालाय. रंग धाग्यातच मुरवलेलं ॲक्रिलिक जास्त टिकतं, पण महागही तसंच, आणि आमच्या रोजच्या ओढाताणीत इतके पैसे घालायचं धाडस झालं नाही. खरी कुरकुर शिवणीची. कापड धड आहे आणि पुढच्या काठाचा दोरा उन्हाने कुजून तुटायला लागलाय. नख लावलं तरी टाका निघतो.

सध्या टप पडवीत बांबूला टांगलाय, खोळीत कडुनिंबाचा पाला. पावसाळ्यात त्या वाऱ्यात तो लावायचा प्रश्नच नाही. भद्रकालीत एक ताडपत्री शिवणारे आहेत, त्यांच्याकडून गणपतीनंतर सगळी शिवण उन्हात टिकणाऱ्या दोऱ्याने पुन्हा मारून घ्यायची आहे. मामांनी त्यात आपणहून एक काम वाढवलंय: "पश्चिमेच्या बाजूला एक पडदा लावून घ्या भाऊ, चारनंतरचं ऊन खालून येतं." मी विचारलं, मामा, तुम्हाला कधीपासून ऊन लागायला लागलं? त्यांनी टोपी नीट केली आणि जाळी घासायला घेतली.