वॉटरमार्क काढून पाठवला आणि दीड लाख अडकले

टीव्हीच्या जाहिरातींचं एडिटिंग आणि कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका दृश्यात जोडणं, मी अंधेरीत गेली नऊ वर्षं करते आहे. आधी स्टुडिओत नोकरी केली, आता घरूनच कामं घेते. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी जे झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशी कामं घेणाऱ्या नव्या मुलामुलींना नेमकं कुठे सावध व्हायचं हे कुणी सांगत नाही.

काम एका मसाल्याच्या ब्रँडचं होतं, दिवाळीचं. ज्याने ते आणलं तो स्वतःला पोस्ट प्रोड्यूसर, म्हणजे शूटनंतरचं काम बघणारा, म्हणवत होता आणि एका प्रॉडक्शन हाउसचं नाव सांगत होता. बोलणं गोड, आमच्याच जिल्ह्याचा. पहिल्याच फोनला म्हणाला, "ताई, आपण मराठी माणसांनी एकमेकांना धरून राहायचं." एडिट आणि अकरा व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवर दृश्य बदलायचे) शॉट मिळून १,९०,००० रुपये ठरले. ४०,००० अॅडव्हान्स त्याच संध्याकाळी यूपीआयने आला. पैसे इतक्या लवकर आल्यामुळे मी निर्धास्त झाले.

पण ते पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यातून आले होते. इथेच मी थांबायला हवं होतं. कंपनीकडून एवढ्या कामाचे पैसे येतात तेव्हा सहसा टीडीएस कापून येतात, आणि तो आपल्या २६एएस या आयकराच्या नोंदीत दिसतो. इथे पूर्ण ४०,००० जमा झाले. कापलं काहीच नाही म्हणून मला उलट बरंच वाटलं.

तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या हिशेबाने ७५० फ्रेम. आजी आणि नात वाड्याच्या अंगणात चकल्या तळतायत असं दृश्य होतं. शूट ग्रीन स्क्रीनवर झालं होतं, वाडा आम्ही मागे उभा करायचा होता. नातीचे केस कुरळे आणि मोकळे सोडलेले. हिरवा रंग काढताना अशा केसांचं काय होतं हे ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे: कडेचे बारीक केस गायब होतात, नाहीतर त्यांना हिरवट झाक राहते. चार शॉटमध्ये कीइंग, म्हणजे हिरवा रंग सॉफ्टवेअरने काढणं, चालेच ना. रोटोसाठी एका मुलाला बसवलं. त्याने फ्रेममागून फ्रेम हाताने कापून दिली. त्याचे २४,००० मी माझ्या खिशातून लगेच दिले, कारण त्याचं घर त्यावर चालतं.

त्यात एक शॉट होता पितळेच्या तांब्याचा. तांब्यावर हिरवा पडदा, लाइट आणि कॅमेऱ्यामागची माणसं स्वच्छ दिसत होती. ते सगळं पुसून अंगणाचं प्रतिबिंब घालायचं होतं. नेटवरचा कुठलाही फोटो चालला असता. मी आमच्या गावच्या घराच्या तुळशी वृंदावनाचा फोटो घेतला, आजी असताना मोबाइलवर काढलेला. तो तांब्याच्या गोलाईवर वाकवून बसवला आणि कॅमेऱ्याच्या हालचालीबरोबर ट्रॅक केला. ५२ फ्रेम, दोन रात्री.

तोवर मी पाठवत होते त्या प्रत्येक फाइलवर टाइमकोड आणि माझ्या नावाचा वॉटरमार्क असायचा. मग त्याचा फोन आला. "ताई, उद्या क्लायंटसमोर प्रेझेंटेशन आहे. शेवटच्या पॅकशॉटवर, नेमका पुड्यावर तुमचा वॉटरमार्क येतोय. क्लायंट पुडाच बघणार ना?" मला ते पटलं. स्वच्छ फाइल दिली. दोन दिवसांनी म्हणाला, ग्रेडिंगचा, म्हणजे रंग जुळवण्याचा, स्लॉट बुक आहे, सगळ्या शॉटचे ईएक्सआर, म्हणजे पूर्ण दर्जाच्या फ्रेमच्या फाइली, लागतील. तेही खरंच, ग्रेडिंगला ईएक्सआर मागतात. मग वीस आणि दहा सेकंदांचे कट आणि इतर भाषांमधल्या मजकुराच्या पट्ट्या तिकडेच करून घेतो म्हणून प्रोजेक्ट फाइलही मागितली. त्याचा माणूस हार्ड डिस्क घेऊन दारात आला आणि भरून घेऊन गेला.

त्याने मागितलेली प्रत्येक गोष्ट आमच्या धंद्याच्या रीतीला धरून होती, म्हणून एकदाही शंका आली नाही. वेडंवाकडं काही मागितलं असतं तर मी थांबले असते. फक्त हे सगळं पैशांच्या आधी मागितलं जात होतं, आणि मी फाइलचा विचार करत होते, बिलाचा नाही.

डिस्क गेल्यावर आठवडाभर "उद्या करतो", मग "अकाउंट्सवाले सुट्टीवर आहेत", मग फोन बंद.

दिवाळीच्या आधी आईकडे गेले होते. ती मालिका बघत होती आणि मध्ये ती जाहिरात लागली. तांब्याचा शॉट आला. तांब्याच्या पोटात आमचं वृंदावन, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला, तसंच. आई म्हणाली, "अगं, हे आपल्याकडचं वाटतंय." मला काही बोलताच येईना.

त्या प्रॉडक्शन हाउसमध्ये गेले. ते म्हणाले, तो आमचा नोकर नाही, त्याला आम्ही पोस्टचं पूर्ण काम ठोक रकमेत दिलं होतं आणि त्याचे पैसे चुकते केलेत. तुमचा कागद आमच्या नावाचा आहे का? नव्हता. बिलसुद्धा त्याने सांगितलेल्या भलत्याच नावाने काढलं होतं, तेही मी निमूटपणे काढून दिलं होतं. पोलीस चौकीत सांगितलं की हा व्यवहाराचा वाद दिसतोय, अर्ज देऊन ठेवा.

वकील मॅडमनी दोन गोष्टी समजावल्या, त्या नीट वाचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार त्याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे करता येते. एकट्याने काम करणाऱ्यालाही हे लागू होतं, पण उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, काम करण्याच्या आधीची हवी. माझी नव्हती. ती ऑनलाइन होते आणि एक रुपयाही लागत नाही. मी नऊ वर्षं केली नाही.

दुसरी गोष्ट हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कुणी मोबदला देऊन फिल्म बनवून घेतली, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो बनवून घेणाराच. त्यामुळे "पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत सर्व हक्क माझ्याकडे" हे वाक्य कोटेशनमध्ये हवं, आणि त्यावर समोरच्याची सही हवी. माझ्या कोटेशनवर फक्त रक्कम होती.

शेवटी कामाला आला तो वृंदावनाचा फोटो. मूळ फाइल, तिची तारीख, माझ्या मशीनवरचे कंपोझिटचे सगळे व्हर्जन आणि रोज पाठवलेल्या प्रिव्ह्यूचे मेल, असं एकत्र करून नोटिशीसोबत ब्रँडच्या जाहिरात एजन्सीला पाठवलं. तिथल्या बाईंनी स्वतः फोन केला आणि प्रॉडक्शन हाउसला बोलावून घेतलं. ६०,००० मिळाले, "पूर्ण आणि अंतिम" अशी सही घेऊन. ९०,००० सोडले. तो माणूस सापडला नाही.

आता कोटेशन कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या मेलवरच जातं. पर्चेस ऑर्डर, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर, आल्याशिवाय टाइमलाइन उघडत नाही. पॅकशॉटवर वॉटरमार्क नको असेल तर तो पुड्यापासून बाजूला सरकवून देते, काढत नाही. निम्मे पैसे आधी, उरलेले मास्टर, म्हणजे अंतिम फाइल, देण्याच्या आधी. प्रोजेक्ट फाइल द्यायची असेल तर तिचा वेगळा दर. दोन कामं यामुळे हातची गेली, हेही खरं आहे.

गेल्या महिन्यात रोटो करणाऱ्या त्या मुलाचा रात्री साडेअकराला फोन आला. त्याला स्वतंत्रपणे पहिलंच मोठं काम मिळालं होतं. म्हणाला, "ताई, क्लायंट पॅकवर वॉटरमार्क नको म्हणतोय, सकाळी माणूस डिस्क न्यायला येणार आहे." त्या क्लायंटचा नंबर वेगळा होता, पण आवाजाची क्लिप ऐकली तर बोलणं तेच, मला फसवलेल्या माणसाचं. मुलाचा माल अजून त्याच्याच डिस्कवर आहे.