गुडघ्याला हात न लावता ठरलेलं ऑपरेशन

गुडघा, घोटा किंवा खांदा दुखावला आहे आणि कोणी एमआरआयचा रिपोर्ट पुढे धरून 'लगेच ठरवा' म्हणत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. माझे गेले, तुमचे जाऊ नयेत.

पायरीवरून पाय सटकला, गुडघा आत वळला आणि आतल्या बाजूने जोराची कळ आली. दुसऱ्या दिवशी थोडी सूज होती. पाय टेकता येत होता, पण वळताना गुडघ्याचा भरवसा वाटत नव्हता. मी सांध्यांच्या एका खासगी केंद्रात गेले. तिथे डॉक्टर भेटायच्या आधीच एमआरआय झाला. मग एका काउन्सेलरने रिपोर्टमधल्या दोन ओळींखाली लाल रेघा ओढल्या. आतल्या बाजूच्या लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याला, ग्रेड २ इजा आणि मेनिस्कसमध्ये, म्हणजे गुडघ्यातल्या गादीत, ग्रेड २ सिग्नल, म्हणजे फिल्ममध्ये वेगळा दिसणारा भाग. "मॅडम, दोन्ही अर्धे फाटलेत. आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन केलं नाही तर गुडघा कायमचा जाईल." डॉक्टर आले, पडद्यावरच्या फिल्म पाहिल्या, मान हलवली आणि गेले. माझ्या गुडघ्याला कोणाचा हातसुद्धा लागला नाही.

मी कचरतेय हे दिसल्यावर दुसरा प्रस्ताव आला, पीआरपी इंजेक्शनांचं पॅकेज. आपलंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा भाग सांध्यात टोचायचा. "लिगामेंट नव्याने तयार होतं," असं सांगितलं, आणि आजच पूर्ण रक्कम भरली तर सवलत. आठवड्यात ऑपरेशनवाचून जाणारा गुडघा अचानक इंजेक्शनांनी कसा बरा होणार होता, याचं उत्तर मिळालं नाही. पहिल्या इंजेक्शननंतर गुडघा आणखी सुजला, तेव्हा मी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी चांगला गुडघा तपासला, कारण सैलपणा किती हे तुलनेनेच कळतं. मग दुखऱ्या गुडघ्याला सुमारे ३० अंश वाकवून बाहेरून आत दाब दिला. आतली फट थोडी उघडली आणि ठामपणे थांबली. पाय सरळ ठेवून दाबल्यावर उघडलीच नाही. मांडी एका हाताने धरून नडगी पुढे ओढली, तीही पटकन अडली. म्हणजे पुढचा क्रूसिएट लिगामेंट, नडगीला पुढे सरकू न देणारा सांध्याच्या आतला पट्टा, शाबूत होता. आतला लिगामेंट अर्धवट ताणला-फाटला होता, आणि अशी एकटी इजा जवळजवळ नेहमी ऑपरेशनशिवाय भरून येते. उपचार म्हणून बिजागरीचा ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार देणारा पट्टा, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सांगितले, चालणं हळूहळू वाढवायचं.

मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या दुसऱ्या लाल रेघेचा. लिगामेंटच्या बाबतीत ग्रेड २ म्हणजे अर्धवट फाटणं. मेनिस्कसच्या बाबतीत ग्रेड २ सिग्नल म्हणजे गादीच्या आत, पृष्ठभागापर्यंत न पोचलेला बदल. तो फाटलेला मेनिस्कस मानत नाहीत. सिग्नल पृष्ठभागापर्यंत गेला तर ग्रेड ३. आकडा एकच, अर्थ वेगळे, आणि हा फरक रोज रिपोर्ट वाचणाऱ्यांना ठाऊक असतो. शिवाय चाळिशीपुढे गुडघा अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येही मेनिस्कस खरोखर फाटलेला दिसतो. फिनलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झिजेने फाटलेला मेनिस्कस दुर्बिणीतून कापलेले रुग्ण आणि फक्त नावापुरती शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांना वर्षभरानंतर सारखाच आराम होता. पीआरपीचंही तसंच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत झिजलेल्या गुडघ्यांमध्ये ते मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरलं नाही.

खरी घाई कधी असते हेही सांगते, कारण ही मंडळी तिचीच भाषा वापरतात. सांधा निखळला, हाड कातडीबाहेर आलं, पाऊल गार किंवा पांढरं पडलं, बोटं बधिर झाली, प्लास्टर किंवा घट्ट पट्टीनंतर वेदना सहन होईनाशी झाली, तर तासाभराचाही उशीर करू नका. गुडघा अडकून सरळच होत नसेल किंवा पाय स्वतःहून उचलून ताठ करता येत नसेल, तरी तातडीने दाखवा. मनगटावर पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी खळगीत दाबल्यावर दुखतंय, तर पहिला एक्सरे चांगला आला म्हणून सोडून देऊ नका. तिथल्या स्कॅफॉइड हाडाची चीर सुरुवातीला अनेकदा दिसत नाही, म्हणून मनगट आधार देऊन स्थिर ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा पाहतात. माझ्या गुडघ्यात यातलं एकही लक्षण नव्हतं, आणि ते हात लावून तपासलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

फिल्म आणि सीडी ते देत नव्हते, 'आमच्या रेकॉर्डला लागते' म्हणायचे. लेखी अर्ज करून पोच घेतल्यावर दिल्या. उरलेल्या इंजेक्शनांचे पैसे मात्र पावतीवरच्या बारीक ओळीकडे बोट दाखवून नाकारले. तुम्हीही असं पॅकेज आधीच भरलं असेल, तर पैसे वाया जातील म्हणून राहिलेली इंजेक्शनं घेऊ नका. आधी फिल्म मागून घ्या आणि त्या केंद्राशी संबंध नसलेल्या, दोन्ही गुडघे हाताने तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.