पद एक, तालुके दहा: सांगली जिल्ह्यातल्या सरकारी स्पीच थेरपीचं परीक्षण

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नाही, म्हणून पालक चौकशीला लागले की बिनपैशाची मुख्य वाट म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ पासूनच्या या योजनेत आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येऊन १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासायची आणि संशय आला की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी द्यायची. या आखणीला आम्ही पाचपैकी चार गुण देतो. पोहोचण्याला दीड.

चार अशासाठी, की बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि कान-वाचा तपासणारा माणूस एकाच आवारात असावा, हे तिथे गृहीत धरलंय. न बोलणाऱ्या मुलाचे कान आधी तपासायचे, मग थेरपी. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं मूलही ‘उशिरा बोलणारं’ वाटतं आणि सहा महिने चित्रं दाखवण्यात वाया जातात. वेखंड चाटवून किंवा जिभेखालची तार कापून मूल बोलतं होत नाही. टाळू फाटलेल्या मुलाला फुगे फुगवायला लावणंही तसंच. शस्त्रक्रियेनंतर त्याला ‘प’, ‘ब’, ‘क’ हे आवाजच नीट काढायला शिकवावे लागतात.

दीड गुण हिशोबामुळे. या शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या आराखड्यात ऑडिओलॉजिस्ट (कान तपासणारा) आणि स्पीच थेरपिस्ट मिळून पद एकच. सत्राला नोंदीसकट पाऊण तास धरला तर दिवसाला सहा मुलं, महिन्याच्या २२ दिवसांत १३२ सत्रं. दर आठवड्याला बोलवायचं, तर ३३ मुलांवर वही भरली! त्यात कानांच्या तपासण्या वेगळ्या. बेरासाठी, म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणाऱ्या तपासणीसाठी, तर मूल झोपेपर्यंत थांबावं लागतं. मग पुढची तारीख पंधरा दिवसांची, नंतर महिन्याची होते. जतहून ऐंशीएक किलोमीटर येणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर मूल यायचं थांबतं. पद कंत्राटी, मानधनावरचं. चार वर्षांची पदवी आणि पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला माणूस पुण्या-कोल्हापुरात क्लिनिक टाकतो, यात त्याचं काय चुकलं?

पक्षाघाताने वाचा गेलेल्या प्रौढांचा विचार या केंद्रात नाहीच.

पदं वाढेपर्यंत करता येण्याजोगं एक काम आहे: थेरपिस्टने आठवड्यातला एक दिवस जत किंवा विट्याला बसायचं आणि सहा-आठ पालकांना एकत्र शिकवायचं. रोज दहा-दहा मिनिटं तीनदा, जेवताना किंवा आंघोळीच्या वेळी, मोबाइल बाजूला ठेवून. आठवड्याला पाचच शब्द. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प बसायचं. घाई करणारे पालक इथेच चुकतात. मूल ‘पाणी’ म्हणालं की आपण ‘थंड पाणी’ म्हणायचं, एवढंच. ‘म्हण बघू, म्हण बघू’ नाही. पंधरवड्याने व्हिडिओ कॉलवर आई कसं बोलते ते बघून दुरुस्ती. अडखळणाऱ्या मोठ्या मुलांनाही हा कॉल चालतो. गिळण्याचा त्रास, श्रवणयंत्राचं बसवणं किंवा टाळूची तपासणी यांना चालत नाही, तिथे यावंच लागतं. आशाताई पाठपुरावा करू शकतात. पण पुढचं उद्दिष्ट त्यांनी ठरवायचं नाही, ते काम थेरपिस्टचंच.

जाणाऱ्यांसाठी: पथकाची वाट बघत बसू नका, ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घ्या. सोबत माता-बाल कार्ड, जन्मावेळचे कागद, आधी कान तपासले असतील तर तो रिपोर्ट, आणि मूल घरी बोलतं त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, कारण नव्या खोलीत ते तोंड उघडेलच असं नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणं हा दोष नव्हे, घरची बोली आहे. त्यावर कुणी सत्रं खर्च करत असेल तर स्पष्ट विचारा. जत तालुक्यातल्या उमदी-संखकडच्या कानडी घरांनी तर पहिल्याच भेटीत सांगावं, की मूल कानडीत किती शब्द बोलतं. नुसत्या मराठी चित्रांवर तपासलं तर घरात घडाघडा बोलणारं पोरही मागे पडलेलं दिसतं. मूल रुसतं-भांडतं त्या भाषेचं नाव केसपेपरवर लिहून घ्या.