कॅमेऱ्यासोबतचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकावं का?

नवी मुंबईत सीवूड्सला आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका मुलाने सेकंडहँड कॅनन घेतला. संध्याकाळी खोकं घेऊनच दारात उभा. आत चार्जर, पट्टा, केबल आणि पाकिटातली एक सीडी. "काका, हे सॉफ्टवेअर टाकू का? बाबा म्हणतात लॅपटॉप आधीच रडतोय." लॅपटॉप चार जीबी रॅमचा, कॉलेजचं सगळं काम त्याच्यावरच.

सीडी बाजूला ठेवायला सांगितलं. तिच्यावरचं सॉफ्टवेअर कॅमेरा पहिल्यांदा विकला गेला तेव्हाचं. तेच आज सुधारलेल्या रूपात कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, आणि नव्या कॅमेऱ्यांच्या खोक्यात बहुतेकदा सीडी नसतेच. मग त्याला विचारलं, "फोटो जेपेगमध्ये काढतोस की रॉमध्ये?" जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो, रॉ म्हणजे सेन्सरचा कच्चा माल, जो नंतर सॉफ्टवेअरमध्ये तयार करावा लागतो. टाकायचं की नाही, हे या एका उत्तरावर ठरतं.

जेपेग काढत असाल तर काहीही टाकू नका. चांगला कार्ड रीडर घ्या. कार्ड लावलं की ते पेनड्राइव्हसारखं उघडतं, आत डीसीआयएम नावाचं फोल्डर असतं, कंपनी कुठलीही असो. तारखेच्या नावाने नवीन फोल्डर करायचं आणि फोटो त्यात कॉपी करायचे, एवढंच काम. हेच काम करायला फोटो उतरवून घेणारे प्रोग्राम मिळतात, पण त्यांतले काही लॅपटॉप सुरू झाला की आपणहून सुरू होतात आणि रॅम अडवून बसतात. चार जीबीवाल्याला ते परवडत नाही. ऐरोलीहून परतताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीतच दोन फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचे असतील, तर फोनवरचं कॅननचं कॅमेरा कनेक्ट किंवा निकॉनचं स्नॅपब्रिज हे अ‍ॅप पुरेसं आहे.

रॉ काढत असाल, तर मात्र कंपनीचं रॉ उघडणारं सॉफ्टवेअर जरूर टाका. हे मी अगदी ठामपणे सांगतो.

त्याचं कारण आपल्याच खाडीत दिसतं. ठाणे खाडीचं रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत इथे कॅमेरेवाल्यांची वर्दळ असते. ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो, त्यावर पांढरट-गुलाबी पक्षी आणि डोक्यावर ऊन. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा राहतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पंखाखालचा गडद गुलाबी आणि पाठीवरचा जवळजवळ पांढरा हे दोन्ही एकाच फोटोत सांभाळायचे, तर ह्या जादा छटा लागतातच.

आता तीच रॉ फाइल दोन ठिकाणी उघडून बघा. कॅमेऱ्यात तुम्ही पिक्चर स्टाइल (रंगांची ठेवण), कॉन्ट्रास्ट वगैरे जे काही निवडलेलं असतं, ते कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल जसंच्या तसं लावतं. निकॉनमध्ये याच ठेवणीला पिक्चर कंट्रोल म्हणतात, आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ तिचं तसंच करतं. बाहेरची सॉफ्टवेअर स्वतःच्या हिशेबाने सुरुवात करतात. म्हणून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान दिसलेला रोहित तिथे पहिल्यांदा मळकट दिसतो, आणि नवख्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. दुसरा मोठा फायदा शिकणाऱ्याला आहे. ही दोन्ही सॉफ्टवेअर फोकसचा बिंदू नेमका कुठे होता ते फोटोवर चौकोन काढून दाखवतात. उडत्या पक्ष्याचा डोळा धूसर का आला? चौकोन शेपटीवर दिसला की उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

कॅनन आणि निकॉन यांच्यात एक फरक आधीच माहीत हवा. डिजिटल फोटो प्रोफेशनलमध्ये केलेले बदल सेव्ह केले की ते रॉ फाइलमध्येच नोंदले जातात. मूळ चित्राला धक्का लागत नाही, आणि फाइल कुठेही नेली तरी बदल तिच्यासोबत जातात. एनएक्स स्टुडिओ हीच नोंद फोटोंच्या फोल्डरमध्ये एनकेएससी पॅराम नावाचं वेगळं फोल्डर करून त्यात ठेवतं. हार्ड डिस्कवर बॅकअप घेताना नुसत्या एनईएफ (निकॉनच्या रॉ) फाइल उचलल्या, की रात्रभर बसून केलेलं काम मागेच राहिलं. निकॉनवाल्यांनी अख्खं फोल्डर उचलायची सवय लावून घ्यावी. पण निकॉनची एक गोष्ट मला मनापासून आवडते: पक्ष्याच्या पाठीवर एक कलर कंट्रोल पॉइंट ठेवायचा आणि तेवढाच भाग हवा तसा उजळ किंवा गडद करायचा. फुकटात हे मिळतं.

सोनीवाल्यांसाठी इमेजिंग एज डेस्कटॉप आहे. फुजीफिल्मची तऱ्हा वेगळी. एक्स रॉ स्टुडिओमध्ये कॅमेरा केबलने जोडायचा, आणि फोटोवरची प्रक्रिया कॅमेऱ्याचाच प्रोसेसर करतो. लॅपटॉप जुना असेल तर हे वरदानच.

उणिवाही आहेत. ही सॉफ्टवेअर रॉ वाचतात ती आपापल्या कंपनीचीच. उद्या कॅमेऱ्याची कंपनी बदलली, तर जुन्या फोटोंसाठी एक आणि नव्यांसाठी दुसरं. आणि एका सकाळच्या चारशे फोटोंतून वीस निवडायचे असतील, तर जुन्या लॅपटॉपवर वाट बघत बसावं लागतं.

त्या तुलनेत अडोबीचं लाइटरूम सगळ्या कंपन्यांचे फोटो एकत्र ठेवतं. २०२३ मध्ये आलेलं त्याचं डिनॉइझ हे फोटोतले दाणे घालवणारं साधन संध्याकाळी कमी उजेडात आयएसओ वाढवून काढलेल्या फोटोंवर फार सुंदर चालतं, पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. शिवाय वर्गणी भरत राहावं लागतं. लाइटरूम क्लासिकची वर्गणी थांबली की जुने फोटो दिसतात, पण डेव्हलप करता येत नाहीत. लग्नाची कामं घेणाऱ्याने ते जरूर घ्यावं, महिन्यातून एकदा खाडीवर जाणाऱ्याने नको. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ उघडणारी दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आणि ताकदवान आहेत, पण शिकायला वेळ द्यावा लागतो. आणि रॉचं स्वरूप बदललं की बाहेरच्या सॉफ्टवेअरना ते वाचायला शिकावं लागतं. कॅननने २०१८ मध्ये एम५० कॅमेऱ्यापासून सीआर३ हे रॉचं नवं स्वरूप आणलं, तेव्हा असंच झालं. कंपनीच्या सॉफ्टवेअरला ही अडचण नसते.

मुलगा म्हणाला, रॉ शिकायचंय. मग त्याच्या लॅपटॉपवर एकटं डिजिटल फोटो प्रोफेशनल टाकलं. कॅमेरा लॅपटॉपवरून चालवणारं ईओएस युटिलिटी नाही टाकलं, कारण त्याला त्याचा उपयोग नाही. सध्या कॅमेरा रॉ आणि जेपेग दोन्ही काढतो अशा सेटिंगवर ठेवलाय. घरच्यांना जेपेग, शिकायला रॉ. कार्ड लवकर भरतं, म्हणून दुसरं कार्ड घ्यायला सांगितलंय.

डाउनलोडच्या वेळी साइट कॅमेऱ्याचा सिरियल नंबर मागू शकते. तो बहुतेकदा कॅमेऱ्याच्या तळाशी असतो. ट्रायपॉडची प्लेट लावण्याआधी फोनवर त्याचा एक फोटो काढून ठेवा.