पुना खिरा काकडीचं बियाणं, टेरेसवर लावून बघितल्यानंतरचा रिव्ह्यू

गेल्या वर्षी ऑनलाइन एक चकचकीत पाकीट मागवलेलं, आत मोजून १५ बिया, उगवल्या २, आणि पाकिटावर ना लॉट नंबर ना चाचणीची तारीख. म्हणून यावेळी सरळ मार्केटयार्डजवळच्या कृषी सेवा केंद्रात गेले आणि पुना खिरा मागितलं. दुकानदार काकांनी आधी विचारलं किती गुंठे, मी म्हटलं काका टेरेस आहे, तर त्यांनी १० ग्रॅमचं पाकीट दिलं आणि लेबलवरची तारीख स्वतःहून दाखवली, ते मला फार आवडलं. १० ग्रॅममध्ये तीनशेच्या वर बिया येतात, घरासाठी जास्तच होतात, मी सोसायटीत वाटल्या.

फेब्रुवारीच्या मध्यात १२ बिया रात्रभर भिजवून कोकोपीट आणि गांडूळखतात लावल्या, पाचव्या दिवशी १० वर आलेल्या! दोन पानं फुटल्यावर मोठ्या ग्रो बॅगेत एकेकच रोप हलवलं, मुळं अजिबात न दुखावता, कारण काकडीला ते सहन होत नाही. वर दोरी बांधून वेल चढवला.

आधी नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी काकडी असते ती ओळखायची. आमच्या सहाव्या मजल्यावर मधमाश्या कमी, सुरुवातीच्या चार-पाच काकड्या पिवळ्या पडून गळाल्या, मग मी रोज सकाळी नर फूल तोडून पाकळ्या काढून मादी फुलात फिरवायला लागले आणि तिथून पुढे काकड्या धरल्या. पहिली काकडी ४८ व्या दिवशी तोडली.

चव एकदम मस्त, कोवळी असताना साल न काढता खाल्ली, खमंग काकडीला तर हीच हवी. पण ही आखूड असते आणि जून झाली की साल तपकिरी पडते, ती खराब झालेली नाही, जातच तशी आहे, फक्त वेळेत तोडा. एप्रिलमध्ये दोन दिवस गावाला गेलो, पाणी चुकलं आणि नंतरच्या दोन कडू निघाल्या, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी हवंच. फळमाशीने डंख केलेल्या तीन फेकल्या, मग सापळा लावला, तो फुलं यायच्या आधीच लावायला हवा होता. पानांवर थोडी भुरीही (पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी) आली, ती पानं लगेच काढून टाकली.

हे हायब्रीड नाही त्यामुळे बी धरता येतं, जवळपास दुसऱ्या जातीची काकडी नसेल तर. मी दोन काकड्या वेलावरच पूर्ण पिकू दिल्यात, सध्या गडद तपकिरी झाल्यात. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण २-३ ग्रॅमचं लहान पाकीट मिळत नाही.