जुनं पेडल, नवा सप्लाय: पेडल बदलायचं की वायर?

ऑर्केस्ट्रा सोडलेल्या एखाद्या काकांकडून किंवा पुण्या-मुंबईहून सेकंडहँड घेतलेलं ऐंशीच्या दशकातलं गिटारचं पेडल (आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी) घरी येतं आणि पेडल मांडायच्या बोर्डावरच्या पॉवर सप्लायला लावल्यावर चालत नाही. किंवा चालतं, पण लाइट मिणमिणतो. अशा वेळी तीन वाटा असतात: बाहेरून वायर जुळवायची, पेडल उघडून आत बदल करायचा, नाहीतर सप्लायच दुसरा घ्यायचा. माझं मत आधीच सांगतो. वायरीने भागत असेल तर पेडलला सोल्डरिंग आयर्न लावू नका. वायर कधीही मिळेल, जुन्या पेडलचे मूळ भाग मिळणार नाहीत.

आज सगळे जे स्टँडर्ड धरतात ते बॉस या पेडल कंपनीचं आहे: 9 व्होल्ट डीसी, 2.1 मिमीची गोल पिन, मध्ये निगेटिव्ह. राउटरचा किंवा सीसीटीव्हीचा अॅडॉप्टरही त्याच जॅकमध्ये बसतो, पण तो बहुधा 12 व्होल्टचा आणि मध्ये पॉझिटिव्ह असलेला असतो. पिन बसली म्हणजे जुळलं असं नाही. मल्टिमीटर लावून बघितल्याशिवाय कुठलाही अॅडॉप्टर पेडलला लावू नका. मिलिअँपिअर मात्र गरजेपेक्षा जास्त असले तर काही बिघडत नाही; पेडल लागेल तेवढाच करंट ओढतं.

सगळ्यात जास्त घोळ जुन्या बॉस पेडलांचा. पेडलच्या लेबलवर अॅडॉप्टर म्हणून 'एसीए' लिहिलंय की 'पीएसए' ते आधी बघा. पीएसए असेल तर आजचा 9 व्होल्ट लावा आणि वाजवा. एसीए असेल तर ते पेडल जुन्या, रेग्युलेटर नसलेल्या (म्हणजे व्होल्टेज स्थिर न ठेवणाऱ्या) 12 व्होल्टच्या अॅडॉप्टरसाठी बनलंय. आत निगेटिव्हच्या वाटेवर डायोड आणि रेझिस्टर असतात, ते व्होल्टेज खाली उतरवतात. तिथे आजचा पक्का 9 व्होल्ट दिला की सर्किटपर्यंत 9 सुद्धा पोचत नाहीत.

गंमत म्हणजे डेझी चेनवर (एकाच सप्लायच्या फाटे फुटलेल्या वायरवर) शेजारी एखादं पीएसए पेडल असेल तर हेच एसीए पेडल झकास पेटतं. दोन पेडल जोडणाऱ्या पॅच केबलच्या शिल्डमधून (बाहेरच्या जाळीतून) निगेटिव्हला थेट वाट मिळते, डायोड-रेझिस्टर बाजूला राहतात. मग कुणी हौसेने महागडा आयसोलेटेड सप्लाय (ज्याचं प्रत्येक आउटपुट एकमेकांपासून तोडलेलं असतं) घेतो आणि पेडल पुन्हा मिणमिणायला लागतं, कारण ती वाटच तुटलेली असते. पेडल बिघडलंय म्हणून रिपेअरवाल्याकडे जाण्याआधी हे तपासा. उलट बाजूही लक्षात ठेवा: चेनवर 12 व्होल्ट सोडले तर त्याच वाटेने पेडलला पूर्ण 12 बसतील.

मग एसीएसाठी काय निवडायचं? आयसोलेटेड सप्लायला 12 व्होल्टचं आउटपुट असेल तर ते एकट्या एसीए पेडलला द्या; आत हात लावावा लागत नाही. जपानमध्ये बनलेलं बॉसचं सीई-2 कोरस असेल तर मी दुसरा विचारही करणार नाही. रोज वाजवायचं बॉसचं साधं डीएस-1 डिस्टॉर्शन असेल तर डायोड-रेझिस्टरवरून जंपर (थेट जोडणारी तार) टाकून त्याचं पीएसए करून घेणं सोयीचं. सोल्डरच्या दोन टाक्यांचं काम आहे. पण त्यानंतर त्याला 12 व्होल्ट कधीच लावायचे नाहीत. जुना मूळ अॅडॉप्टर मिळाला तरी मी तो घरीच ठेवीन. गणपतीत मंडळाचा कार्यक्रम जनरेटरवर असतो, तिथे मेन्स वर-खाली झाला की त्याचं आउटपुटही वर-खाली होतं.

रॅट या जुन्या डिस्टॉर्शनसारख्या पेडलांना हेडफोनसारखा 3.5 मिमीचा जॅक असतो. इथे कन्व्हर्टर वायर आणि जॅक बदलणं यात वायरच घ्या. फक्त ती लावताना सप्लाय बंद ठेवा. ही पिन आत सरकताना टोक आणि बाही क्षणभर शॉर्ट होतात. जॅकच नसलेल्या पेडलला बॅटरीच्या क्लिपमधून सप्लाय देता येतो. क्लिपला क्लिप जोडली की पोलॅरिटी उलटते, म्हणून सप्लायकडच्या क्लिपची काळी वायर पॉझिटिव्हला जायला हवी.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे जुने फझ (आवाज खरखरीत करणारी पेडल), म्हणजे 1966 सालापासूनच्या फझ फेस या पेडलच्या घराण्यातले, बहुधा पॉझिटिव्ह ग्राउंडचे असतात, म्हणजे त्यांच्या ग्राउंडला निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह जोडलेला असतो. ते इतरांबरोबर चेनवर लावले की सप्लाय शॉर्ट होतो. पोलॅरिटी उलटवणारी वायर आणि आयसोलेटेड आउटपुट, हा एक मार्ग. आत चार्ज पंपची चिप (पॉझिटिव्ह व्होल्टेजचं निगेटिव्ह करून देणारी) बसवणं हा दुसरा. पण साधी 7660 चिप 10 किलोहर्ट्झच्या आसपास चालते आणि तिची शिट्टी अँपमध्ये येऊ शकते. मॅक्स 1044 या तशाच चिपमध्ये पिन 1 पॉझिटिव्हला जोडली की ती ऐकण्याच्या पलीकडे जाते, पण तिला 10 व्होल्टच्या वर देऊ नये. फझसाठी माझी पसंती साधी 9 व्होल्टची बॅटरी. हे सर्किट जेमतेम काही मिलिअँपिअर ओढतं. वाजवून झालं की इनपुटमधली केबल काढा, कारण बॅटरीचा स्विच त्या जॅकमध्येच असतो.

1999 सालच्या लाइन 6 कंपनीच्या डीएल 4 डिले पेडलला 9 व्होल्ट एसी लागतो. तिथे तडजोड नाही, एसीचाच अॅडॉप्टर घ्या, आणि तो बाकीच्या पेडलांच्या जवळ फिरकू देऊ नका. अमेरिकेतून आलेल्या, भिंतीत खोचायची वायर असलेल्या जुन्या डिले-फ्लँजर पेडलांना 120 व्होल्ट लागतात, आपल्याकडे 230. आतला ट्रान्सफॉर्मर बदलण्यापेक्षा बाहेर स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लावा. उद्यमनगरात कुणा वाइंडिंगवाल्याकडून तो बनवून घेणार असाल तर दोन वेगळ्या वाइंडिंगचा सांगा, ऑटो ट्रान्सफॉर्मर नको. अमेरिकेत 60 हर्ट्झ, इथे 50. त्यामुळे पेडलमधला ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापेल.

सप्लायवर खर्च करायचा तर आधी बोर्डावर अशी आडमुठी पेडल किती ते मोजा. एकच असेल तर त्याला स्वतंत्र अॅडॉप्टर स्वस्त पडतो. दोन-तीन असतील तर 12 व्होल्टचं आउटपुट असलेला आयसोलेटेड सप्लाय घ्या. आणि पेडलमध्ये बदल केलाच तर मागच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा: काय बदललं, किती व्होल्ट लावायचे. उद्या ते विकलंत तर घेणारा लेबलवरचं एसीए वाचून 12 व्होल्ट लावेल.